गल्लीतले शेवटचे घर आणि पाण्याच्या वाटपाचे मोजमाप

नळकोंडाळे (धागाकर्ती)

नागरी सेवांच्या वाटपावरचे संशोधन वाचणे आणि थोडेफार करणे हा गेली काही वर्षे माझ्या कामाचा भाग आहे. या विषयावरची आपल्याकडची बहुतेक चर्चा "पाणीच कमी आहे" या वाक्याने सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून आधी एक साधा भागाकार मांडते. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, वरचा वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. २०११ च्या जनगणनेतल्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येने भागले, तर माणशी ३०० लिटरच्या वर आकडा येतो. तेव्हापासून लोकसंख्या वाढली, काही पाणी कारखान्यांना जाते, गळती आणि चोरीही कमी नाही. हे सगळे वजा केल्यावर जी सरासरी उरेल तीही कोणाला तहानेने व्याकूळ करणारी नसावी.

पण सरासरी कोणाच्या नळाला येत नाही. शहरातले पाण्याचे जाळे कोणासाठी विणले गेले होते हे पाहिल्याशिवाय आजचे वाटप कळत नाही. विहार आणि तुळशीचे पाणी एकोणिसाव्या शतकात आणले ते बेटावरच्या मुंबईसाठी. तानसाच्या वाहिन्या आजच्या उपनगरांतून जातात, पण त्या टाकल्या तेव्हा वाटेतली गावे मुंबईत नव्हती. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुलुंड-दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला आणि मग लोकवस्तीचे पारडे उलटले. २०११ मध्ये शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार माणसे होती, तर उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार. ज्याला आपण अजूनही "उप" म्हणतो तिथे तिप्पट माणसे राहतात, आणि जाळे मात्र मुळात दुसऱ्याच नकाशासाठी आखलेले आहे.

या जाळ्यावर दोन महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत. लिसा ब्यॉर्कमन यांनी एम-पूर्व या पालिकेच्या प्रशासकीय विभागात, गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी परिसरात काम केले (२०१५). हा विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला होता. निखिल आनंद यांचे काम जोगेश्वरीच्या वस्त्यांतले आहे (२०१७). ब्यॉर्कमन यांच्या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिवाजीनगर ही सत्तरच्या दशकात पालिकेनेच आखून दिलेली वसाहत होती; रस्ते सरळ, भूखंड मोजलेले. पुढे अधिकृत नजरेत तीच "झोपडपट्टी" झाली आणि तिथल्या जलजोडण्याही संशयाच्या फेऱ्यात आल्या. म्हणजे जमीन तीच, माणसे तीच. शब्द बदलला आणि शब्दाबरोबर नळाचा दर्जा बदलला. आनंद यांचे म्हणणे असे की, वस्तीतल्या माणसाला नागरिकत्व एका दिवसात मिळत नाही. शिधापत्रिका, वीजबिल, नगरसेवकाचे पत्र, प्लंबरची ओळख अशा तुकड्यातुकड्यांनी ते जमते आणि दाब कमी झाला की पुन्हा विरते.

आता माझी अडचण. एका उपनगरातल्या वस्तीत मी गेल्या हिवाळ्यात वीस लिटरचा कॅन आणि घड्याळ घेऊन पाच पहाटे उभी राहिले. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरी कॅन साधारण सव्वा मिनिटात भरत होता. त्याच गल्लीत, त्याच वेळी, शेवटच्या घरी तोच कॅन भरायला सात मिनिटे लागली आणि पहिली दोन-तीन मिनिटे आलेले गढूळ पाणी ओतून द्यावे लागले. कागदावर दोन्ही घरे एकाच ओळीत आहेत: "जोडणी आहे, पुरवठा रोज दोन तास." तर न्याय्य वाटप मोजायचे असेल, तर नेमके काय मोजावे? लिटर, तास, दाब, की आणखी काही? जाणकारांनी लिहावे.

उदंचन

मी मुंबई महानगरातल्या एका पालिकेच्या पाणी खात्यात अभियंता म्हणून तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. धागा आवडला, परंतु संशोधकांच्या लिखाणात अभियंता बहुधा खलनायक तरी असतो किंवा अनुपस्थित तरी, म्हणून थोडे सांगतो.

पाणी चोवीस तास नसते तेव्हा आम्ही पाणी वाटत नाही, वेळ वाटतो. सेवा जलाशय, म्हणजे त्या परिसराला पाणी पुरवणारी मोठी टाकी, भरला की एका भागाची झडप उघडायची, दोन-तीन तासांनी ती बंद करून पुढच्या भागाची उघडायची, असा फेरा दिवसरात्र चालतो. झडप उघडणारा तो चावीवाला. लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, मोठी झडप असेल तर दोघांनी मिळून फिरवायची. कोणती झडप किती आटे उघडायची हे नकाशावर लिहिलेले नसते. माझ्या हाताखाली एक झडप चोवीस आट्यांची होती, पण गंजामुळे ती अठराव्या आट्यावर अडकायची. जुना चावीवाला तिला दोन आटे मागे घेऊन मग झटका देत असे. तो सुटीवर गेला आणि बदली माणूस आला की टेकडीवरची वस्ती कोरडी, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत हंडा मोर्चा. मोर्च्यातल्या लोकांना वाटे की हे राजकारण आहे. कधीकधी ते असेही, नाकारत नाही. त्या आठवड्यात मात्र तो निव्वळ गंज होता.

आपल्या गल्लीबद्दल: पहिल्या आणि शेवटच्या घरातला फरक मुख्यतः दोन कारणांनी पडतो. एकाच बारीक नळीवर मागाहून कितीतरी जोडण्या बसवलेल्या असतात, आणि मधल्या काही घरांनी मोटर लावलेली असते. मोटर नळीतून पाणी ओढते, त्यामुळे पुढच्यांचा दाब मरतो, मग पुढचेही मोटर घेतात. शेवटी सगळ्यांकडे मोटर आणि पाणी होते तेवढेच. तेव्हा तास समान दिले म्हणजे पाणी समान दिले असे होत नाही, एवढे मान्य. पण अभियंत्याच्या हातात मुख्यतः तासच असतात.

रोखठोक

मुद्दा कटू वाटेल, तरी मांडतो. जे मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरतात, त्यांच्या पैशावर जाळे चालते. ज्यांनी परवानगीशिवाय घरे बांधली, त्यांच्या शेवटच्या घरापर्यंत दाब पोचत नाही म्हणून अन्याय झाला असे म्हणणे मला पटत नाही. आधी नियमितता, मग समानता.

कलम२१

रोखठोक, आपला मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे जवळजवळ याच शब्दांत मांडला गेला होता. १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने अनधिकृत बांधकामांना पाणी देण्यास मनाई केली होती आणि पात्रतेची तारीख (तिच्याआधीची घरेच पाण्यास पात्र) आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० अशी सरकत गेली. त्या तारखेनंतरच्या वस्त्यांसाठी पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर बेकायदा आहे एवढ्या कारणाने माणसाला त्यापासून पूर्णपणे वंचित ठेवता येणार नाही.

मात्र त्याच निकालाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. कायद्याने राहणाऱ्या नागरिकांच्या बरोबरीने हक्क मागता येणार नाही, आणि अशा वस्त्यांना पालिका जास्त दर लावू शकते, हेही त्यात आहे. म्हणजे न्यायालयाने हक्क मान्य केला, बरोबरी मान्य केली नाही. मे २०२२ मध्ये पालिकेने "सर्वांसाठी पाणी" धोरण आणले आणि वस्ती अधिकृत आहे की नाही हा प्रश्न निदान कागदावर बाजूला ठेवला. तरी धागाकर्तींनी विचारलेला प्रश्न उरतोच, कारण कायद्याच्या भाषेत जोडणी दिली की सेवा दिली; कॅन किती मिनिटांत भरतो हे कोणत्याही निकालात येत नाही.

नळकोंडाळे

कलम२१ यांनी नेमके बोट ठेवले. रोखठोक यांना एवढेच सांगते की पैसे कोण भरतो याचाही हिशेब शेवटच्या घरी जाऊन करावा. पालिकेच्या पाण्याला हजार लिटरमागे काही रुपये पडतात. मी ज्या गल्लीत होते तिथे नळ आटला की पस्तीस लिटरचा कॅन दहा रुपयांना मिळतो. हजार लिटरला सुमारे २८५ रुपये झाले. तेव्हा "फुकटे" हा शब्द वापरण्याआधी हा भागाकारही करून पाहावा. शिवाय पालिकेच्या नियोजनातच झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असे दोन निकष आहेत. पाच माणसांच्या घराला ४५ च्या हिशेबाने २२५ लिटर, म्हणजे एक निळे पिंप आणि वर एक बादली. यात अंघोळ, धुणी, स्वयंपाक, संडास सगळे आले. असमानता गळतीतून किंवा गंजातून येण्याआधी ती निकषातच लिहिलेली आहे.

उदंचनकाका, "आम्ही वेळ वाटतो" हे वाक्य मी माझ्या टिपणवहीत उतरवून घेतले आहे.

गवतीचहा

मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहतो. हा विषय अमेरिकेतल्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात चांगलाच घुसळून काढला होता, आणि त्यातला एक मोठा अभ्यास माझ्याच शहरावरचा आहे.

सुरुवात मिसिसिपी राज्यातल्या शॉ नावाच्या गावापासून करावी लागेल. वस्ती जेमतेम अडीच हजारांची. तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी गावाच्या प्रशासनावर खटला भरला. कच्च्या रस्त्यांवरच्या घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरे आणि सांडपाण्याची वाहिनी नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के घरे कृष्णवर्णीयांची होती. नवे प्रखर दिवे मात्र गोऱ्यांच्या वस्तीत लागले होते. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, आणि भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, परिणाम पुरेसा बोलका आहे, अशी भूमिका घेतली. पण १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात हेतू दाखवणे आवश्यक ठरवले आणि तो दरवाजा बहुतांशी बंद झाला. गंजलेल्या झडपेला हेतू नसतो, हे इथे आठवले.

शॉसारखी दोन रंगांची स्वच्छ विभागणी मोठ्या शहरांत सापडेल या अपेक्षेने संशोधक कामाला लागले. रॉबर्ट लाइनबेरी यांनी १९७७ मध्ये सॅन अँटोनियोतली अग्निशमन केंद्रे, उद्याने, ग्रंथालये इत्यादी सेवा तपासल्या. असमानता भरपूर सापडली, पण ती गरिबी किंवा वंशाच्या रेषेवर सरळ बसेना. त्यांनी तिला आकृतिबंध नसलेली असमानता म्हटले, आणि तिचे कारण मोहल्ल्याचे वय, वस्तीची दाटी आणि नोकरशाहीचे ठरावीक ठोकताळे यांत शोधले.

ठोकताळा म्हणजे काय, ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या १९७४ च्या अभ्यासात छान दिसते. ग्रंथालयाच्या कोणत्या शाखेला नवी पुस्तके द्यायची? जिथून पुस्तके जास्त नेली जातात तिथे. नियम निष्पक्ष, कोणाच्याही मनात पाप नाही. परिणाम असा की, टेकडीवरच्या सुखवस्तू शाखांना नवी पुस्तके मिळत गेली, आणि खालच्या सपाट भागातल्या शाखांत वाचण्याजोगे काही उरले नाही म्हणून वाचक कमी झाले, आणि वाचक कमी म्हणून पुस्तके आणखी कमी. तुमच्याकडे तक्रारींच्या संख्येवर दुरुस्तीचा क्रम ठरत असेल, तर तिथेही हेच होत असणार. तक्रार करायला ज्याला सवड आणि फोनवर बोलायची धिटाई आहे त्याचाच रस्ता आधी दुरुस्त होतो.

लाइनबेरी यांचा अभ्यास येण्याआधीच सॅन अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांनी वेगळ्या पद्धतीने मोजमाप केले होते. १९७४ मध्ये पुरात त्यांची घरे बुडाली. कॉप्स या नव्या संघटनेच्या लोकांनी नगरपालिकेचे जुने कागद उलगडले, तेव्हा त्यांच्याच भागातल्या पाणी-निचऱ्याच्या कालव्याची योजना १९४५ पासून मंजूर होऊन पडलेली निघाली. सेवेचे अंतर किंवा संख्या त्यांनी मोजली नाही. मंजुरी आणि खोदाई यांमधली वर्षे मोजली.

हमीपत्र

पुण्याचे सांगतो. इथे २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. मी त्यांतल्याच एका गावात सदनिका घेतली तेव्हा विकासकाने बांधकाम परवानगीसाठी दिलेले हमीपत्र वाचलेही नव्हते. पालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी आम्ही देऊ, असे त्यात होते. सोसायटी आमच्या ताब्यात आली तशी ती हमी कुठे गेली ते कळले नाही. आता बारा महिने टँकर, आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याची मर्जी.

मला सुचवायचे आहे ते असे की, "उपनगर म्हणजे गरीब वस्ती" हे समीकरण सोडून द्यावे. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, जलतरण तलाव आहे (कोरडा), आणि नळाला पालिकेचे पाणी नाही. शेजारच्या गावठाणात ग्रामपंचायतीच्या विहिरीचे पाणी येते. रोखठोक यांच्या निकषाने आम्ही पूर्ण अधिकृत आणि पूर्ण करदाते आहोत. शेवटचे घर हे गल्लीतच असते असे नाही. कधीकधी सबंध गावच वाहिनीच्या शेवटी असते. मात्र टँकर परवडतो आणि परवडत नाही यातला फरक मी विसरत नाही. आमच्याकडे भांडणे मेंटेनन्सच्या रकमेवरून होतात, हंड्यावरून नाही.

ओआरएस

आरोग्याच्या बाजूने भर घालते. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि बाकीच्यांत ठरावीक दिवशी, ठरावीक तास तेच राहिले. त्यामुळे संशोधकांना तुलना करण्याची दुर्मीळ संधी मिळाली. कुंपेल आणि नेल्सन यांनी २०१३ मध्ये दाखवले की खंडित पुरवठ्याच्या नळांना दूषित पाणी जास्त वेळा येते. वाहिनी रिकामी असते तेव्हा बाहेरचा मैला फटीतून आत शिरतो, आणि पुन्हा पाणी सोडले की तो धुऊन घरात येतो. धागाकर्तींनी ओतून दिलेले गढूळ पाणी ते हेच.

नंतर, २०१५ मध्ये, सुमारे ३,९०० घरांवरच्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि ते सरळसोट नव्हते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या एकूण अतिसारात ठळक फरक दिसला नाही. पण गरीब घरांतल्या मुलांत रक्त पडणारे जुलाब चोवीस तासांच्या प्रभागांत कमी होते, आणि विषमज्वर झालेली घरेही कमी. जुलाबांची नुसती सरासरी काढली असती तर "विशेष फरक नाही" असे म्हणून फाइल बंद झाली असती. आर्थिक स्थितीप्रमाणे घरे वेगळी केली, तेव्हाच जुलाबांतला तो फरक दिसला.

आईचा_डबा

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण मी अशाच गल्लीत वाढले, आमचे घर शेवटून दुसरे.

माझी आई दोन इमारतींत स्वयंपाकाची कामे करत असे. तिला सव्वासहाला निघावे लागे. पाणी पावणेसातला येई. म्हणून पाणी भरण्याचे काम माझ्याकडे आले, आणि माझी शाळा सातची. मी आठवी आणि नववीत पहिल्या तासाला किती वेळा उशिरा गेले याची नोंद शाळेच्या हजेरीपटावर असेल. बाईंनी कारण विचारले की मी "झोप लागली" असे सांगत असे, कारण "पाणी भरत होते" म्हटले की वर्ग हसायचा. पुढे एका वर्षी पाण्याची वेळ बदलून पहाटे साडेचारची झाली. पाणी वाढले नाही, दाब वाढला नाही, तास तेवढेच. पण आई घरी असताना पाणी येऊ लागले, आणि दहावीचे वर्ष माझे सरळ गेले. साडेचारला उठायचे म्हणून आई रात्री साडेनऊलाच झोपे, एवढाच काय तो बदल.

उदंचन यांनी लिहिले आहे की त्यांच्या हातात तासच होते. तेवढे पुष्कळ होते, असे मला म्हणायचे आहे. मात्र कोणत्या भागाला कोणता तास द्यायचा हे ठरवताना आमच्या आया किती वाजता घराबाहेर पडतात हे कोणी विचारले नाही.

उदंचन

आईचा_डबा, खरे आहे. आम्ही फेरा ठरवत असू तो जलाशय कधी भरतो आणि विजेचा दर कधी कमी असतो यावरून. इमारतींना खाली टाकी आणि वर टाकी असते, म्हणून त्यांना रात्री दोनला पाणी सोडले तरी कोणाला उठावे लागत नाही. वस्तीत टाकी नसते. तरीसुद्धा दिवसाउजेडाचे तास बऱ्याचदा इमारतींना जात, कारण वेळ बदलली की त्यांचे सेक्रेटरी लेखी तक्रार करत. गवतीचहा यांचा ओकलंडचा नियम मी तीस वर्षे राबवला आणि त्याला नाव आहे हे आज कळले.

नळकोंडाळे

मी प्रश्न विचारताना लिटर, तास आणि दाब एवढेच लिहिले होते; घड्याळ हातात धरून उभी असूनही घड्याळातली वेळ मोजायची मला सुचली नव्हती. आता प्रश्नावलीत दोन रकाने वाढवते आहे: पाणी किती वाजता येते, आणि त्या वेळी घरात कोण असते. पुण्यासाठी "मंजुरी आणि प्रत्यक्ष पाणी यांमधली वर्षे" असा तिसरा रकाना, हमीपत्र आणि गवतीचहा या दोघांमुळे. ओआरएस यांचे म्हणणे लक्षात घेऊन गल्लीची सरासरी काढणार नाही. पहिले, मधले आणि शेवटचे घर वेगवेगळे मांडेन.

उदंचनकाका, एक विनंती. चावीवाल्यांच्या जुन्या पाळी-वह्या कुठे मिळू शकतील? वेळा कधी आणि का बदलल्या, हे त्यांतच सापडेल असे वाटते.

उदंचन

वह्या खात्यात फार काळ ठेवत नाहीत. पण माझ्याबरोबर काम केलेला एक चावीवाला निवृत्त होऊन आता कल्याणला मुलाकडे राहतो. त्याने स्वतःच्या डायऱ्या लिहिल्या होत्या: झडप, आटे, वेळ, आणि कधीकधी कोणी शिवी दिली तेही. विचारून पाहतो. कॅन मात्र बदला. वीस लिटरचा कॅन तोंडापर्यंत भरला की साडेएकवीस लिटर मावतो, तुमचे सगळे आकडे तेवढ्याने चुकतील. गळ्याखाली वीसची खूण करून घ्या.